धुराड्यातल्या कुरडया

१९९४ सालच्या डिसेंबरात मी ताईबाईंच्या वर्षभराच्या कुरडया जाळल्या. हेतू वाईट नव्हता. मला फक्त एक संध्याकाळ इंग्रजासारखं बसायचं होतं.

जागा म्हणजे शिरूरच्या बाहेर, घोडनदीच्या काठावरचा विश्रामबंगला. तो ज्या सरकारी खात्याच्या ताब्यात होता त्याचं नाव सांगत नाही. बंगल्याचं त्यांनी जे करून ठेवलं ते पाहता त्यांनाही ते आवडणार नाही. मी तेव्हा गावच्या शाळेत इतिहास शिकवत होतो आणि पुण्याच्या एका पुरवणीत तालुक्यातल्या जुन्या वास्तूंवर लिहीत होतो. वाचक फार नव्हते, पण तालुक्यात वास्तूही फार नव्हत्या, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती. बंगल्याच्या हॉलमध्ये काळ्या दगडाची एक नक्षीदार विलायती शेकोटी होती. खाली चूल, आणि चुलीवरून थेट छपरापार गेलेलं धुराडं. ज्या जागी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एक गोरा साहेब पाय शेकत बसायचा, तिथं आपणही पाय शेकत बसावं आणि मग लेख लिहावा, असं माझ्या मनानं घेतलं. इतिहासाच्या मास्तरांना असे झटके येतात.

बाभळीच्या काटक्या जमवल्या, खालून कागद सरकवला, काडी ओढली. पहिल्यांदा धूर वर जाण्याऐवजी माझ्याकडे आला. तेही मी इंग्रजी समजून सोसलं. मग वास यायला लागला, तो लग्नघरात तळणीचा येतो तसा. मी चकित होऊन वर पाहतोय तोच धुराड्यातून एक पेटतं गाठोडं खाली आलं, विस्तवात आपटलं आणि फुटलं. आतून कुरडया. काही बिचाऱ्या धर्माला जागून फुलल्या. बाकीच्यांचा कोळसा झाला.

पुढच्या क्षणी ताईबाई पाण्याची कळशी घेऊन आत आल्या. निम्मं पाणी विस्तवावर गेलं, निम्मं माझ्यावर. कुणावर आधी टाकायचं ते त्यांनी विचारपूर्वक ठरवलं होतं असं मला आजही वाटतं.

"तुमच्या घराला चूल न्हाई का वो, मास्तर?"

मग उलगडा झाला. बंगल्यात उंदीर फार. सरकारी उंदीर, कुणाला न भिणारे. पत्र्याचे डबे लोटून पाडायचे, शिंकं कुरतडायचे. त्यांना पोचता न येणारी जागा अख्ख्या बंगल्यात एकच होती, ती म्हणजे धुराड्याच्या आतली लोखंडी आडवी कांब. इंग्रज गेल्यापासून तिथं विस्तव असा पेटलेलाच नव्हता. म्हणून ताईबाई दर चैत्रात कुरडया वाळल्या की जुन्या लुगड्यात बांधून धुराड्यात टांगायच्या. जगात कुणी आपलं वर्षाचं वाळवण चुलीच्या डोक्यावर टांगत नसेल. पण ही चूल पेटवण्याइतका खुळा माणूस शिरूर तालुक्यात निपजेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

मी पैसे देऊ केले. ताईबाईंनी माझ्या भिजलेल्या सदऱ्याकडे पाहिलं.

"पैशानं कुरडया येत्यात व्हय? गहू भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, वाटायचा, चीक काढायचा, घाटायचा, आन् मग उन्हात बसून घालायच्या. ठिवा तुमचं पैसं. कुरडया ऱ्हायल्या म्हणायच्या तुमच्याकडं."

आणि त्या राहिल्या. पुढं कुठंही गाठ पडो, बाजारात, एसटी स्टँडवर, शाळेच्या फाटकाशी, ताईबाई लांबूनच हाळी द्यायच्या, "मास्तर, कुरडया हायत बरं का माझ्या!" बरोबरचा माणूस माझ्याकडे संशयानं बघायचा.

ताईबाई म्हणजे बंगल्याचे चौकीदार बन्सीमामा यांच्या पत्नी. नोकरी मामांच्या नावावर. मामा फाटक उघडायचे आणि लावायचे. त्या दोन कामांच्या मधला सगळा बंगला ताईबाई चालवायच्या. बुटक्या, काटक, आणि आवाज असा की नदीपलीकडची म्हैस मान वर करून बघायची. माहेर दौंडचं, रेल्वेच्या चाळीतलं. वडील रेल्वेत खलाशी. इंग्रजाच्या इमारती लहानपणापासून डोळ्यांसमोर असल्यामुळे त्यांची भीड अशी त्यांना उरली नव्हती.

"दौंडात इंग्रजानं यार्ड बांधलं, त्याला नावं ठिवायची न्हाईत," त्या म्हणायच्या. "तितं गाड्या चालवायच्या व्हत्या, म्हनून डोस्कं चालवलं. हितं नुसतं ऱ्हायचं व्हतं, तर डोस्कं बाजूला काढून ठिवलं."

बंगला बांधणाऱ्याचं नाव ग्रिमशॉ. गाव म्हणायचं गिरमशा साहेब. लष्करातला माणूस. त्याला आपल्या बापाच्या विलायतेतल्या गावाकडच्या हवेलीची इतकी आठवण यायची की त्यानं ती आठवणीतून जशीच्या तशी इथं उभी केली. फक्त बरोबर ते गाव आणायचं राहिलं. विलायतेत ऊन पाहुण्यासारखं येतं, चार दिवस राहतं, म्हणून तिथली घरं त्याला घ्यायला दक्षिणेकडे तोंड करून उभी असतात. शिरूरला ऊन घरजावई आहे. तरी साहेबानं घराचं तोंड दक्षिणेलाच केलं. त्या अंगाला बग्गी थांबायला भलामोठा कमानींचा पोर्च. त्या अंगाला भिंतीतून पोट बाहेर काढलेली काचेची खिडकी, म्हणजे चुकून एखादी तिरीप बाहेर राहायला नको. छप्पर चांगलंच उतरतं, बर्फ घसरून पडावं म्हणून. ते छप्पर अजून वाट पाहत होतं. आणि ज्या बाजूला नदी, वारा आणि लिंबाची सावली, त्या उत्तरेच्या लांब पडवीत साहेबानं काय ठेवलं होतं? तर कोळसा.

"गिरमशा साहेब कशानं मेला, ठावं हाय का?" ताईबाईंनी मला एकदा विचारलं.

"तापानं, असं वाचलंय."

"ताप न्हाई. घरानं मेला."

गावाला बंगल्याचा अभिमान होता. पाहुणा आला की लोक त्याला फाटकापर्यंत आणून दाखवायचे. त्यांनी कधी आत केर काढला नव्हता. ताईबाईंना बंगल्याची कीव यायची, आणि बंगल्यात येणाऱ्या साहेबांची त्याहून जास्त.

कारण इंग्रज गेला आणि त्याच्या खुर्चीवर आपले साहेब बसले. पहिल्यांदा ते इमानदारीत दक्षिणेच्या पोर्चमध्येच बसत, कारण इंग्रज तिथं बसायचा. घाम पुसत, रुबाबात बसत. मग एक खुर्ची हॉलमध्ये सरकली. हॉलमधून जेवणघरात. जेवणघरातून, कुणी पाहत नाहीसं पाहून, मागच्या पडवीत. कोळसा हलला, तिथं टेबल आलं. एक दिवस जीप पुढच्या फाटकातून न येता वळसा घालून मागून आली. मग फाटकच मागं हललं, मग पाटी हलली. मागच्या दोन कोठ्यांना साहेबांसाठी एसी बसला. घर होतं तिथंच उभं राहिलं आणि पाठमोरं झालं. पुढचं मागं, मागचं पुढं. आणि इतक्या सगळ्या शिकलेल्या माणसांत इंग्रज चुकला होता असं मोठ्यानं म्हणायची एकाची छाती झाली नाही.

घर वळलं तेव्हा बन्सीमामा आणि ताईबाई कुठं राहत होते? लिंबापलीकडं, नदीच्या अंगाला, पत्र्याच्या खोपटात. कुरडया जळल्या त्या संध्याकाळी त्याच खोपटात त्यांनी मला मामांचा कोरडा सदरा आणि कांदेपोहे दिले होते, शिव्यांसकट. मागची बाजू मागची होती तोवर खोपट कुणाच्या डोळ्यांत नव्हतं. मागची बाजू पुढची झाली आणि ते एकाएकी दर्शनी भागात आलं. साहेबांना चहा पिताना दिसायला लागलं.

तशात शहाण्णव साली बदलून एक नवे साहेब आले. त्यांच्या बोटांपेक्षा अंगठ्या जास्त होत्या. त्यांना वास्तुशास्त्र झालेलं होतं. होकायंत्र हातात धरून त्यांनी बंगल्याला फेरी मारली आणि दक्षिणेच्या दारापाशी येऊन ते थबकले.

"हे दार यमाचं," ते म्हणाले. "बंद करा."

बंद करायला मच्छिंद्र आप्पा हजर होतेच. आप्पा राहू गावचे. ऊस, सोसायटी, निवडणुका आणि कंत्राटं, सगळं एका हाती. बंगल्यात जे बसायचं ते आप्पांनी बसवलेलं, आणि बंगल्यातून जे निघायचं ते आप्पांच्या ट्रॉलीत बसलेलं. कौलं निघाली आणि पत्रा आला. सागवानी दारं निघाली आणि प्लायवूडची आली, ती पहिल्या पावसाळ्यात फुगून बसली. साहेबाचा आंघोळीचा पांढराशुभ्र टब निघाला. पुढं तो राहूच्या एका वस्तीवर म्हशींना पेंड भिजवायला लागलेला लोकांनी पाहिला. काळ्या घडीव दगडाच्या भिंतींवर आप्पांनी प्लास्टर थापलं, त्यावर पिस्ता रंग मारला, आणि मग त्या रंगावर पांढऱ्या पट्ट्यांनी चौकोन काढले. का? तर भिंत दगडी वाटावी म्हणून! माझ्या शेकोटीच्या तोंडाला फळ्या मारून पुढं टीव्ही ठेवला. हे माझ्यामुळे झालं असं ताईबाईंचं मत होतं आणि ते खोडून काढायला माझ्याकडे काही नव्हतं.

तर आप्पांनी पोर्चच्या कमानींत विटा भरल्या, दक्षिणेचं दार बुजवलं. त्याच आठवड्यात जीप उभी करायला जागा हवी म्हणून लिंबापलीकडचं खोपट पाडलं. मग चौकीदारानं राहायचं कुठं, असा प्रश्न निघाला. साहेब म्हणाले, तसा तो पोर्च आता खोलीच झालाय, पण तिथं कुणी राहणार नाही. ती दिशा अशी.

"आमी ऱ्हातो की," ताईबाई म्हणाल्या. "यमाची आन् आमची लई जुनी वळख हाय. येतो, च्या पितो, जातो."

साहेबांना हायसं वाटलं. यमाला परस्पर कुणी सांभाळत असेल तर त्यांना हवंच होतं.

अशी गिरमशा साहेबाच्या बग्गीच्या जागेवर ताईबाईंची चूल पेटली. आत निळा रंग दिला, बाबासाहेबांची तसबीर मधल्या कमानीच्या पोटात लावली. शेजारणी विचारायच्या, दक्षिणेला ऱ्हाता, भ्या वाटत न्हाई? ताईबाई म्हणायच्या, "दिशेला काय हात हायत व्हय गळा धरायला?" दिशेचं त्यांना काही नव्हतं. उन्हाचं होतं. दक्षिणेची दगडी जागा, वर पत्रा, तीन बाजूंनी विटा. एप्रिल-मे महिन्यात त्या घरात पाणी चुलीवर न ठेवता तापायचं. भिंतीपलीकडं साहेब एसीत झोपायचे आणि अलीकडं हे दोघं तव्यावर. नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात बन्सीमामा एका दुपारी बसल्या जागी गेले. डॉक्टरांनी हृदय सांगितलं. ताईबाईंनी ऐकून घेतलं आणि वरच्या पत्र्याकडे बोट केलं.

मामांच्या जागी खात्यानं त्यांना रोजंदारीवर घेतलं. फाटक उघडायचं कामही आता त्यांच्याकडेच आलं. मुलगा महेंद्र कुरकुंभला केमिकलच्या कंपनीत शिफ्टला होता. तो दर सुट्टीला येऊन म्हणायचा, "आये, चल की आता. करुणा पन म्हनती, आयुष पन आज्जीची आठवण काढतो."

"तुझ्या तितं हवेला औषधाचा वास येतो."

"सवय व्हती."

"आन् तितं मी पाव्हणी. सून देईल तवा च्या, टीव्ही लावील तवा टीव्ही. हितं साहेब उठायच्या आदी मी उठती, आन् मी उठिवल्याबिगर साहेब उठत न्हाई. मी न्हाई येत. तुज्या बापानं ह्या फाटकात जल्म काढला, माझं मयत बी ह्याच फाटकातनं निघंल."

दोन हजार तीन साली वारं फिरलं. नवे साहेब पुण्याहून आले, चष्मेवाले, मऊ बोलणारे. आता साहेब लोकांना वास्तुशास्त्राच्या जागी वारसा झाला होता. त्यांनी पिस्ता रंगावरचे पांढरे चौकोन पाहिले आणि त्यांचे डोळे भरून आले म्हणतात. बंगला मूळ रूपात आणायचा असा हुकूम निघाला. काम कुणाला मिळालं? मच्छिंद्र आप्पांच्या सत्यजीतला. मुलगा पुण्यात आर्किटेक्ट होऊन आला होता, दाढी ठेवून, खांद्याला झोळी लावून. बापानं काढलं, मुलानं बसवायचं. काम घरच्या घरात राहिलं. सत्यजीतचं एक वाक्य ठरलेलं होतं, ते तो छातीवर हात ठेवून म्हणायचा, "जसं होतं तसं."

सागवानी दारं परत आली ती राहूच्या गोठ्यातून. ट्रॉलीतून उतरवताना ताईबाई कमरेवर हात देऊन उभ्या होत्या.

"आप्पा, दारं म्हशीनं चाटल्याली दिसत्यात."

"जुन्या लाकडाला असंच तेज येतं, ताईबाई. तुला न्हाई कळायचं."

"तेजाला शेणाचा वास येतोय, म्हनून इचारलं."

पण हसण्याचे दिवस नव्हते. दुसऱ्याच आठवड्यात सत्यजीत पोर्चपाशी आला आणि भिंतीवर टिचक्या मारून म्हणाला, या विटा निघतील.

"आन् मी?" ताईबाईंनी विचारलं.

"तुमची पर्यायी व्यवस्था होईल, मावशी."

"कुठं?"

"ते ऑफिस बघेल."

ऑफिस कसं बघतं ते ताईबाईंनी उभा जन्म पाहिलं होतं. ऑफिस खिडकीतून बघतं. त्या रात्री त्यांनी महेंद्रला फोन केला नाही. केला असता तर तो सकाळी टेम्पो घेऊनच आला असता.

विटा निघायला पंधरवडा होता. मधल्या काळात सत्यजीत दुसऱ्याच चिंतेत होता. जसं होतं तसं करायचं, पण कसं होतं? खात्याकडे बंगल्याचा नकाशा नव्हता. तो कुठल्याशा बदलीत हरवला होता. गिरमशा साहेबाला विचारायची सोय नव्हती. तेव्हा जुन्या जाणत्या माणसाच्या आठवणी घ्यायच्या असं ठरलं. जुनं जाणतं माणूस म्हणजे ताईबाई. त्यांच्या सासूबाई, धुरपदाबाई, शेवटच्या गोऱ्या साहेबाकडे कामाला होत्या हे सगळ्या शिरूरला ठाऊक होतं. आणि आठवणी तपासून घ्यायला इतिहासाचा माणूस पाहिजे म्हणून बोलावणं मला आलं.

उत्तरेच्या पडवीत बैठक बसली. छान वारा होता. सत्यजीतनं टेपरेकॉर्डर मध्ये ठेवला. आप्पा शेजारच्या खुर्चीत, पान जमवत. ताईबाई खांबाला टेकून खाली बसल्या आणि डोळे मिटून त्यांनी असा काही श्वास घेतला की आता ओवीच सुरू होते.

"सासू सांगायची," त्या म्हणाल्या, "ही पडवी सगळी नोकर माणसांची."

"सगळी?" सत्यजीत पुढं सरकला.

"ह्या टोकापासनं त्या टोकापत्तूर. आन् ह्या दोन खोल्या." त्यांनी एसीच्या दोन खोल्यांकडे हात केला. "हितं सासू ऱ्हायची. मडम तिला म्हनायची, धुरपदा, नदीच्या अंगाला तूच ऱ्हा, मला वारा बाधतो. आन् साहेब बसायचा तिकडं दक्षिणंला, पोर्चात. हिकडं पाऊल टाकत नव्हता. नोकर माणसाच्या जाग्यात जायाचं न्हाई, असा त्यांचा कायदा व्हता विलायतेचा."

सत्यजीतचा चेहरा उजळला. इतकं चांगलं त्याला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. मी मात्र खालमानेनं बसलो होतो. कारण ही पडवी कोळशाची होती. धुरपदाबाई लिंबापलीकडच्या खोपटातच राहिल्या, खोपटातच गेल्या. त्या खोपटात बसून मी स्वतः पोहे खाल्ले होते.

पहिल्यांदा आप्पांना ठसका लागला.

"काय सांगती ताईबाई! तुमचा तर पत्रा होता की लिंबाखाली. मीच न्हाई का पाडला?"

"व्हय आप्पा, तुमीच पाडला," ताईबाई गोड आवाजात म्हणाल्या. "पर त्यो मागनं टाकल्याला. आन् आप्पा, त्यो पत्रा गेला कुठं वो? पत्रा, कौलं, टब... आता जसं व्हतं तसं करायचं हाय, तर समदं हुडकाया लागंल न्हाई का? सांगू का ह्या टेपवर, कुठं कुठं बघायचं ते?"

आप्पांनी पान तोंडात टाकलं. राहूच्या निवडणुकीत त्यांनी बरीच भाषणं केली होती, पण त्या दिवशीचं पान त्यांना बरंच मोठं झालं असावं.

सत्यजीत माझ्याकडे वळला. "सर, तुमच्या अभ्यासात हे कुठं आलंय? इतिहासाच्या दृष्टीनं बरोबर आहे ना?"

मी चष्मा पुसला. खरं तर माझं आयुष्य खरं सांगण्यात गेलेलं. निदान पोरांना परीक्षेत खरं लिहायला लावण्यात गेलेलं. समोर टेपरेकॉर्डरचा लाल दिवा. मी तोंड उघडलं. ताईबाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी उघड्या दारातून हॉलमध्ये पाहिलं. तिथं शेकोटीच्या फळ्या काढून तिचं काळं तोंड मोकळं केलेलं होतं. त्यांनी नाक वर केलं, हवा हुंगली.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "कायतरी जळाल्याचा वास येतोय का वो?"

मी तोंड मिटलं. मग परत उघडलं.

"बरोबर आहे," मी म्हणालो. "विलायतेतल्या मोठ्या घरांत नोकरमाणसं मागच्याच बाजूला असायची. हे सगळ्या पुस्तकांत आहे."

यातला शब्द न् शब्द खरा होता. खोटं फक्त मी बोलत होतो ते कशाबद्दल, एवढंच होतं.

झालं. सत्यजीतनं नवा नकाशा काढला आणि त्यात उत्तरेची पडवी दोन खोल्यांसकट सेवकांची म्हणून दाखवली. चष्मेवाल्या साहेबांना फार आवडलं. माणुसकीचा इतिहास वगैरे ते म्हणाले. एसी निघाले, कारण गिरमशाकडे एसी नव्हता. साहेबांची बसायची जागा परत दक्षिणेला गेली. फाटक परत पुढं गेलं. पडवीच्या खांबावर पितळी पाटी लागली, 'सेवकांची पडवी'. विटा काढायला माणसं आली त्याच सकाळी ताईबाईंनी आपली चूल, खाट आणि बाबासाहेबांची तसबीर उचलली आणि हॉलच्या मधून, साहेबांच्या देखत, तालात चालत पडवीत नेऊन ठेवली. पर्यायी व्यवस्था ऑफिसनं बघायच्या आत ती स्वतःच्या पायांनी चालत गेली होती.

उद्घाटन पुढल्या वर्षीच्या एप्रिलात ठेवलं. साहेबांना वारसा कळत होता, एप्रिल कळत नव्हता. पोर्चच्या मोकळ्या कमानींखाली खुर्च्या मांडल्या, पाहुणे पुण्याहून आले. हॉलमधल्या शेकोटीत शोभेची लाकडं रचली होती. (मला कुणी तिच्या जवळपास उभं राहू दिलं नाही.) दुपार चढली तसं दक्षिणेचं ऊन साहेबांना भेटायला आत आलं. पेढ्यांनी बॉक्समध्येच आकार सोडला. एका पाहुण्यांनी वारशावर बोलायला सुरुवात केली आणि 'गारवा' या शब्दापाशी ते इतका वेळ थांबले की लोकांनी टाळ्या वाजवल्या. आप्पांनी उपरण्यानं मान पुसली, मग डोकं पुसलं, मग शेजारच्याचं उपरणं मागितलं.

हळूहळू एकेक जण पाणी प्यायच्या निमित्तानं उठून हॉल ओलांडून उत्तरेकडे यायला लागला. दारात येऊन उभा राहायचा. समोर नदी, वारा, लिंबाची सावली. आणि पडवीच्या मधोमध ताईबाई पाय पसरून कुरडयांचा सोऱ्या फिरवताना. चैत्र होता. आजूबाजूच्या कशाला कुणी हात लावायची सोय नव्हती. वाळायला घालायच्या चादरी त्यांनी कुठं पसरल्या होत्या म्हणता? दक्षिणेच्या नव्या कोऱ्या पायऱ्यांवर, पाहुण्यांच्या गाड्यांपलीकडे. कुरडयांना लागतं तसं ऊन अख्ख्या शिरूरात तिथंच पडतं. इंग्रजानं तेवढी सोय पक्की केली होती.

चष्मेवाले साहेब स्वतः आले. कॉलर सैल केलेली. "ताईबाई, जरा इथं बसू का?"

"बसला असता, साहेब," ताईबाई हात न थांबवता म्हणाल्या. "पर ही जागा नोकर माणसांची. आन् आता पाटी बी लागली पितळंची. तुमीच लावली."

साहेबांनी पाटीकडे पाहिलं आणि ते परत उन्हात गेले. त्यांच्या मागून आप्पा डोकावले आणि काही न विचारताच वळले.

पाहुणे गेले. खुर्च्या उचलल्या गेल्या. मला मात्र ताईबाईंनी पायरीवर बसायला फडकं टाकलं, चहा दिला. लिंबातून वारा येत होता. आत खाटेवर महेंद्रनं आईसाठी आणलेला टेबलफॅन पडून होता, खोक्यातून न काढलेला. मी चहा संपवला, इकडंतिकडं पाहिलं. ऐकायला चिटपाखरू नव्हतं. इतिहासाच्या मास्तराला असे झटके येतात, मघाशी सांगितलंच.

"ताईबाई," मी आवाज खाली आणून विचारलं, "आता कुणी नाही. तेवढं एक खरं सांगा. ही पडवी कधी तुमची होती का हो?"

ताईबाईंनी सोऱ्यातला शेवटचा चीक दाबून काढला, कुरडईला गोल वेढा दिला आणि मान वर न करता म्हणाल्या,

"कुरडया फिटल्या, मास्तर."